जास्त हॉर्सपॉवर म्हणजे जास्त अवघड गाडी का?

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीहून तुमच्याशी बोलतोय. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथून ऐकत असाल तिथे रामराम.

आजचा प्रश्न तरुण मंडळी फार विचारतात: "सर, ट्रॅकवर चालवायला सगळ्यात अवघड स्पोर्ट्स कार कोणती?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हॉर्सपॉवरचा आकडा सांगतात. फौजेत नवीन जवानांना ड्रायव्हिंग शिकवताना एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगावी लागे, तीच इथे सांगतो. गाडी इंजिन पळवतं, पण गाडीला रस्त्यावर ठेवतात ते टायर. चार टायर, आणि प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा. सगळी गोष्ट तेवढ्या जागेत घडते.

टायरकडे पकडीचे १०० रुपये आहेत असं समजा. ब्रेक मारला, वळलात, वेग वाढवलात, सगळा खर्च याच शंभरातून. फक्त हिशोब साध्या वजाबाकीचा नाही, काटकोन त्रिकोणाचा आहे. ब्रेकवर ८० खर्च केले तर वळायला ६० उरतात. ब्रेकवर पूर्ण १०० उडवले तर वळायला शून्य. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. चांगला ड्रायव्हर म्हणजे हे शंभर रुपये पूर्ण वापरणारा, पण उधारी न करणारा.

आता गाड्यांकडे येऊ. यातल्या सगळ्या मी चालवलेल्या नाहीत. बांधणी काय सांगते ते समजावतो.

गावाकडे बैलगाडी भरताना मागे जास्त माल पडला तर गाडी उलाळ होते, पुढचं जू वर उचललं जातं. पॉर्श ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. सरळ जाताना आणि वळणातून बाहेर पडताना हे वजन मागच्या टायरना दाबून धरतं, पकड उत्तम मिळते. पण वळणाच्या मधोमध घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात आणि ती जड शेपटी बाहेर झोकांडते. १९७५ च्या ९११ टर्बोमध्ये यावर आणखी एक भर होती. पाय दाबला तरी ताकद लगेच येत नसे. टर्बो फिरायला वेळ घेई, आणि मग सगळी ताकद एकदम, नको त्या क्षणी येई. तिला 'विडोमेकर' हे नाव पडलं. तिची ताकद किती? फक्त २६० हॉर्सपॉवर. आजच्या ९११ जीटी३ मध्ये ५१० आहेत, तरी ती कितीतरी सोपी. टर्बो नाही, त्यामुळे पाय जितका दाबाल तितकीच ताकद, तीही लगेच. टायर रुंद, आणि चूक सावरायला इलेक्ट्रॉनिक्स.

दुसरा प्रकार, इंजिन मधे. १९८७ ची फेरारी एफ४० घ्या. वजन मधे एकवटलेलं असलं की गाडी झटकन वळते. पाण्याची घागर कमरेला घट्ट धरून गिरकी घेणं आणि हात लांब करून घागर धरून गिरकी घेणं यात जो फरक, तोच इथे. पण जी झटकन वळते ती झटकन गरगरतेही. सावरायला मिळणारा वेळ कमी. एफ४० मध्ये ४७८ हॉर्सपॉवर, दोन टर्बो, एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, पायाला मदत करणारा ब्रेक बूस्टरही नाही.

तिसरा प्रकार, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. १९९२ ची डॉज व्हायपर: ८ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, तिलाही एबीएस नव्हतं. इथे ताकद उशिरा येत नाही, पाय टेकताच हजर. ओल्या ट्रॅकवर हा उजवा पाय फार हळुवार लागतो.

चौथी, निस्सान जीटी-आर. आमची फौजेतली जबलपूरला बनलेली जोंगा मूळची याच निस्सानची, म्हणून मला जरा जिव्हाळा. भारतात आलेल्या जीटी-आरमध्ये ५७० हॉर्सपॉवर, म्हणजे त्या जुन्या ९११ च्या दुपटीहून जास्त. पण ताकद चारही चाकांना वाटली जाते आणि संगणक सतत लक्ष ठेवतो. नवखा माणूसही हिला वेगात नेतो. हिची अडचण वेगळी: वजन सुमारे पावणेदोन टन.

वजनाचा हिशोब करून बघा. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून थोडी लांब सरळ पट्टी आहे आणि तिच्या टोकाला तीव्र वळण. अशा ठिकाणी एवढी गाडी २५० वरून ९० वर आणायची, तर जी ऊर्जा संपवावी लागते ती सुमारे १० लिटर गार पाणी उकळीला आणेल. थोडा वाटा हवा घेते, बाकी सगळी उष्णता ब्रेकमध्ये, तीही काही सेकंदांत, प्रत्येक फेरीला. काही फेऱ्यांनी ब्रेक थकतात, पेडल मऊ पडतं. सोपी वाटणारी गाडी इथे परीक्षा घेते.

म्हणजे अवघडपणा मोजायचा तर तीन प्रश्न विचारा. ताकद पायाच्या हुकमात येते की मनाला येईल तेव्हा? पकड सुटण्याआधी गाडी इशारा देते की नाही? इशारा मिळाल्यावर सावरायला वेळ किती? या कसोटीवर माझा क्रम असा: सगळ्यात अवघड एफ४०, मग जुनी ९११ टर्बो, मग व्हायपर, मग आजची जीटी३, आणि शेवटी जीटी-आर. हॉर्सपॉवरच्या क्रमाशी याचा मेळ बसत नाही, हे लक्षात आलं असेलच.

एक सावधगिरी मात्र पाळा. नव्या गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स चूक झाकतं, भौतिकशास्त्र बदलत नाही. शंभराचे एकशे दहा रुपये ते करू शकत नाही. उलट मर्यादा इतकी उंच नेऊन ठेवतं, की जेव्हा ती ओलांडली जाते तेव्हा वेग फार मोठा असतो. आमच्या म्हैसूर-बंगळूर महामार्गावर कमाल वेग १०० आहे. तिथे एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, वेग दुप्पट केला तर ५६ मीटर, आणि अंगातली ऊर्जा चौपट. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, टायरच्या भिंती असतात, झेंडा दाखवणारा मार्शल आणि उभी अ‍ॅम्ब्युलन्स असते. रस्त्यावर वळणाबाहेर कोणाचं तरी घर असतं, बसची वाट बघणारी आजी असते.

म्हणून हौस असेल तर ट्रॅकवर जा. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई. सुरुवात कार्टपासून करा; तिथे इलेक्ट्रॉनिक्स नाही, टायरची भाषा थेट बुडाला कळते. मग स्वतःची साधी गाडी न्या. पहिल्या फेऱ्या हळू, फौजेत रेकी करतो तशा: ब्रेक कुठे, वळणाचा आतला बिंदू कुठे, बाहेर पडायचं कुठे. शंभर हॉर्सपॉवरची गाडी ज्याला पूर्ण वापरता येते, त्यालाच पाचशेची गाडी शोभते.

पुढच्या भागात टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते बघू. तोवर सांभाळून चालवा. जय हिंद.