जुन्या कलावंताचं नवं गाणं : कान बदलतात की गाणं?



गणपतीत आपल्याकडे ऑर्केस्ट्रा येतो. गायकानं नवं गाणं धरलं की मागच्या रांगेतली माणसं चहाला उठतात आणि कुणीतरी हमखास ओरडतं, 'जुनं म्हणा!' हे काही आपल्या मानवतपुरतं नाही. लंडनचा रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड 1962 पासून वाजवतोय. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी 2005 नंतर थेट 2023 मध्ये काढला. पण त्यांच्या कार्यक्रमालाही बहुतेक लोक जातात ते साठ-सत्तरच्या दशकातली गाणी ऐकायला.

तर आजचा प्रश्न असा : आवडत्या कलावंताची उतारकाळातली गाणी आपल्याला आधी का रुचत नाहीत आणि मग दहा-पंधरा वर्षांनी तीच का आवडायला लागतात? उदाहरण घेऊ राहुलदेव बर्मन यांचं, म्हणजे पंचमचं.

कुणी म्हणेल, ते संगीतकार, त्यांचा कुठला बँड? खरं आहे. पण 1966 च्या 'तीसरी मंझिल'मधली गिटार आणि ड्रम आठवा. रॉकची पहिली चव आमच्या पिढीला लागली ती तिथून. आणि वाजवणारी मंडळीही वर्षानुवर्षं तीच. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर हे साहाय्यकांचं त्रिकूट जवळजवळ बँडसारखंच त्यांच्यासोबत राहिलं.

सत्तरचं दशक त्यांचंच होतं. 'कटी पतंग', 'कारवाँ', 'अमर प्रेम', 'यादों की बारात', 'शोले'. पुढे कॅसेटी आल्या. मोंढ्यात कापसाचा हिशेब झाला की दोन पैसे हातात यायचे. मग रेकॉर्डिंगच्या दुकानात आम्ही गाण्यांची यादी द्यायचो आणि कोरी कॅसेट भरून घ्यायचो. त्या यादीत पंचमची गाणी भरपूर, पण सगळी 1975 च्या आसपासची. नवी यायची, एकदा ऐकायची आणि म्हणायचं, 'आता पहिल्यासारखं राहिलं नाही.'

तेव्हा तसं सगळेच म्हणत होते. 1982 ला 'डिस्को डान्सर' आला आणि बप्पी लाहिरींची हवा झाली. पंचमला 'सनम तेरी कसम' आणि 'मासूम'साठी लागोपाठ दोन वर्षं फिल्मफेअर मिळालं, पण नंतर पडलेल्या सिनेमांची रांग लागली. 1987 मध्ये किशोरकुमार गेले. ज्या नासिर हुसेन यांच्यासाठी 'तीसरी मंझिल' केला, त्यांच्याच घरच्या 'कयामत से कयामत तक'चं संगीत 1988 मध्ये आनंद-मिलिंद यांनी दिलं.

याच पडत्या काळात, 1987 ला, गुलजार यांचा 'इजाजत' आला. त्यातल्या एका गाण्याचा किस्सा गुलजार यांनी अनेकदा सांगितलाय. यमक नाही, ठेका नाही, नुसतं पत्र लिहावं तसे शब्द. कागद बघून पंचम वैतागले. उद्या वर्तमानपत्र आणून देशील आणि म्हणशील चाल लाव, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. पण आशाताईंनी ती ओळ गुणगुणली आणि चालीचा धागा सापडला. त्या गाण्यासाठी आशाताईंना आणि गुलजार यांना, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्हाला मात्र ते तेव्हा संथ वाटलं होतं. आज आमच्यापैकी निम्म्यांच्या यादीत ते पहिल्या पाचात आहे.

असं का होतं? आम्हाला चार कारणं दिसतात.

पहिलं, सवय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली प्रयोग करून दाखवलं की एखादी अनोळखी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी ती आवडायला लागते. जुनं गाणं आपण रेडिओवर शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि नवं एकदा. शर्यत तिथंच एकतर्फी होते.

दुसरं, आपलं वय. दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला जास्त ठळक राहतात, असं स्मृतीचे अभ्यासक सांगतात. 'यादों की बारात' ऐकताना आम्ही नुसतं गाणं ऐकत नाही, आमचं कॉलेजही ऐकतो. नव्या गाण्याला तो वशिला नसतो.

तिसरं, अनुभव. 'इजाजत'मध्ये विभक्त झालेले नवरा-बायको पावसाळी रात्री स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये भेटतात. विशीत त्यातलं काय कळणार? पुढे कधीतरी मानवत रोडच्या फलाटावर कुणाला तरी निरोप देऊन रिकाम्या हातानं परत आलात की ते गाणं आपोआप कळतं. गाणं तिथंच होतं. पोचायला आपल्याला उशीर झाला.

चौथं, मृत्यू. हे बोलायला जरा जड जातं. 4 जानेवारी 1994 ला पंचम गेले, वय अवघं 54. त्याच वर्षी, त्यांच्या माघारी, '1942 अ लव्ह स्टोरी' आला आणि गल्लोगल्ली तीच कॅसेट वाजली. फिल्मफेअरही मिळालं, पण मरणोत्तर. डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाचंही असंच. 'ब्लॅकस्टार' आला 8 जानेवारी 2016 ला आणि ते गेले 10 तारखेला. दोन दिवसांत त्याच गाण्यांचा अर्थ लोकांसाठी पालटला.

आता कुणी विचारेल, मग हे सगळं नुसतं हळवेपण का? थोडंसं आहे. ऐंशीच्या दशकात पंचमनी घाईत केलेली, साच्यातली गाणीही आहेत. ती तेव्हा सुमार होती आणि आजही सुमारच आहेत. कलावंत गेला म्हणून सगळंच सोनं होत नाही. पण नेमका इथंच पुरावा मिळतो. नुसती हळहळ असती तर सगळीच गाणी वर आली असती. वर आली ती 'इजाजत', 'परिंदा', '1942', अशी निवडकच. म्हणजे काळ चाळणी लावतो. आपण मात्र पहिल्याच दिवशी पोतं रस्त्यावर ओतून मोकळे झालो होतो.

आणि या चुकीची किंमत आपण भरत नाही. आपल्याला गाणं उशिरा का होईना, मिळतं. ज्यानं ते केलं, त्याला आपली दाद मिळत नाही. फिल्मफेअरनं 1995 पासून नव्या गुणवंतांसाठी पंचमच्या नावानं पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा ए. आर. रहमान यांना मिळाला. त्याच वर्षी रहमाननी 'रंगीला'त 62 वर्षांच्या आशाताईंना उर्मिला मातोंडकरसाठी गायला लावलं. ते गाणं लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं. म्हणजे दाद वेळेवरही देता येते.

म्हणून आम्ही स्वतःपुरता एक नियम केलाय, पटला तर तुम्हीही घ्या. आवडत्या जुन्या कलावंताचं नवं गाणं आलं की निदान तीनदा ऐकायचं आणि तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत 'पहिल्यासारखं नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. नाहीच आवडलं तर नाही आवडलं, तो आपला हक्क आहे. पण यंदा गणपतीत नवं गाणं सुरू झालं तर चहा जरा थांबू द्या.