चाळिशीनंतरचं प्रोटीन : नॉनव्हेज महिन्यातून दोनदा, मग बाकीच्या दिवसांचं काय?

गेल्या गणपतीत आई मोदक वळायला जमिनीवर बसली. एकवीस मोदक वळून झाले, ताट भरलं, पण आई उठेना. आधी हसली, "पाय आखडले गं," म्हणाली. मग एक हात दाराच्या चौकटीला आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून उठली. आई ४९ वर्षांची आहे. लहानपणी मी हिला एका हातात कळशी आणि दुसऱ्या हातात मला घेऊन जिना चढताना पाहिलंय.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबांच्या नोकरीमुळे पंधरा वर्षांपूर्वी लखनौला आलो आणि विकास नगरमध्ये स्थिरावलो. लखनौ म्हटलं की गावाकडच्या सगळ्या नातेवाइकांना वाटतं, आम्ही रोज कबाब खातो. प्रत्यक्षात आमच्या घरी नॉनव्हेज होतं महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. सोमवार, गुरुवार, शनिवार आमचे, मंगळवार इथल्या शेजाऱ्यांचा. वर चतुर्थी, एकादशी. श्रावणाची तर गंमतच आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावस्येनंतर. त्यामुळे शेजारच्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आमचा त्यांच्यानंतर पंधरा दिवसांनी संपतो. शेजारधर्म म्हणून आई दोन्ही पाळते, म्हणजे आमचा श्रावण दीड महिन्याचा!

गणपतीनंतर मी आईला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. व्हिटॅमिन डी कमी निघालं, त्याच्या गोळ्या मिळाल्या. निघता निघता डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, आप दाल खाती हैं या दाल का पानी?" आई माझ्याकडे बघायला लागली. तिला उत्तर माहीत होतं, मलाही होतं.

आईच्या ताटात काय असतं?

दुसऱ्या दिवशी मी केकसाठी घेतलेला वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि आई दिवसभरात काय खाते ते लिहून काढलं. सकाळ-संध्याकाळच्या चहातल्या दुधाचं मिळून ३ ग्रॅम प्रोटीन. नाश्त्याच्या पोह्यांचं ४. दुपारी दोन पोळ्यांचं ६, पातळ वरणाचं ३, भाताचं ३, भाजीचं २. रात्री पुन्हा दोन पोळ्या आणि भाजी मिळून ८, दोन चमचे दह्याचं १. बेरीज झाली ३० ग्रॅम. आईचं वजन ५८ किलो आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे आईला ४८ ग्रॅम. पण हा हिशोब चांगल्या प्रतीच्या प्रोटीनचा आहे. ज्यांचा भर भात-पोळीवर असतो, त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरावं असंही ही संस्था सांगते. मग आकडा ५८ वर जातो. आई जवळजवळ निम्म्यावर होती. आणि हे आमच्या घरात, जिथे रोज वरण शिजतं, दूध येतं, फ्रीजमध्ये दही असतं आणि शेंगदाण्याच्या कुटाचा डबा कधी रिकामा नसतो!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात प्रोटीनची टंचाई नाहीच. ते फक्त आईच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. वरणातली खालची दाट डाळ बाबांच्या आणि माझ्या वाटीत जाते, वरचं निवळ तिच्या. चिकनच्या दिवशी ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि रश्शाबरोबर भात खाते. "मला तुकडे फारसे आवडत नाहीत" हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतेय आणि पंचवीस वर्षं मला ते खरं वाटत आलं. तुमच्याही घरी हे वाक्य कुणीतरी म्हणत असेल.

चाळिशीनंतर शरीरात काय घडतं

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के, असा अंदाज सांगितला जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास थांबते. त्या वेळी इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांबरोबर स्नायूंचीही झीज वाढते. वजनकाट्यावर मात्र हे दिसत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी येते आणि काटा तिथेच राहतो. आईचं वजन दहा वर्षांत फक्त दोन किलोनं वाढलं, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो.

स्नायू म्हणजे नुसती ताकद नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. आपल्याकडे घराघरात डायबिटीस आहे, तेव्हा ही गोष्ट पुरुषांनीही ऐकायला हवी. आजारपणात किंवा फ्रॅक्चरमध्ये महिनाभर अंथरुणावर पडावं लागलं, तर शरीर स्नायूंमधूनच प्रोटीन काढून वापरतं. पुंजी कमी असेल तर पुन्हा उभं राहायला तेवढाच जास्त वेळ लागतो.

दुर्गाबाईंची धाकटी बहीण

या लेखासाठी वाचताना मला एक नाव सापडलं, जे मला शाळेतच कळायला हवं होतं. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण, जन्म १९११ चा. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनं त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी १९३३ मध्ये एका वर्षाच्या अटीवर त्यांना घेतलं गेलं. तिथे त्यांनी कशावर काम केलं? दूध, डाळी आणि कडधान्यांमधल्या प्रोटीनवर! पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. लग्नानंतर १९४७ मध्ये मुंबईला आल्यावर त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थ्यांसह पुन्हा कडधान्यांचाच अभ्यास चालवला.

त्यांच्या संशोधनातला एक विषय आपल्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेला आहे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक घटकाला अडवणारे पदार्थ असतात. ते तसेच पोटात गेले तर प्रोटीन नीट पचत नाही. भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं ते कमी होतात आणि नीट शिजवल्यावर बहुतेक नष्ट होतात. म्हणजे कडधान्यं रात्री भिजत घालून, फडक्यात बांधून, मोड आणून, मग उसळ शिजवायची ही आजीची पद्धत अगदी योग्य आहे. "कच्चे स्प्राऊट्स खा" म्हणणाऱ्या रील्सपेक्षा तर नक्कीच. आणि एक गैरसमज काढून टाका : मोड आल्यानं प्रोटीन दुप्पट होत नाही. कडधान्य फुगतं ते पाण्यानं.

दुसरी गोष्ट डाळ-भाताची. गहू-तांदळात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते धान्यात मिळतं. दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. फक्त प्रमाण सांभाळायला हवं. मूठभर भातावर चार चमचे निवळ वरण हे ते प्रमाण नव्हे. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला २००० कॅलरींच्या ताटासाठी ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत, कच्ची मोजून. आईच्या पोटात जात होती १५ ग्रॅम.

मग आम्ही काय बदललं

सुरुवातीला मी उत्साहात चुकले. पहिल्याच दिवशी सकाळी मोड आलेले मूग, दुपारी राजमा आणि रात्री छोले असा बेत केला. आईला रात्रभर गॅस झाला आणि "तुझं प्रोटीन तुझ्यापाशी ठेव" असं ऐकावं लागलं. त्यानंतर दर आठवड्याला एकच बदल, असं ठरलं.

पहिला बदल वरणाचा. डाळ तेवढीच, पाणी निम्मं. आईची वाटी आधी भरायची आणि पळी तळातून घालायची. हे काम बाबांनी घेतलं, हे सांगायलाच हवं.

दुसरा नाश्त्याचा. पोहे-उपमा आठवड्यातून दोनदाच, एरवी बेसनाची किंवा भिजवलेल्या मुगाची धिरडी आणि वाटीभर दही. आईला धिरड्यात कांदा-कोथिंबीर-ओवा हवा, मला हिरवी मिरची. पिठल्यालाही रात्रीचा मान परत मिळाला. "पाहुण्यांना पिठलं काय वाढायचं" म्हणून ते आमच्याकडे मागे पडलं होतं.

तिसरा बदल लखनौचा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे मटकी नसते, कुळीथ तर त्याला माहीतच नाही. पण काळे चणे, मसूर आणि सत्तू केव्हाही मिळतात. आपल्याकडचं सातूचं पीठ गहू आणि डाळं भाजून करतात, इथला सत्तू भाजलेल्या चण्याचा असतो. दोन मोठे चमचे सत्तू, ताक, जिरेपूड, काळं मीठ, थोडं लिंबू. दुपारी चार वाजता चहा-बिस्किटांऐवजी आई हे घेते. नको वाटलं तर मूठभर फुटाणे. थंडीत शेजारच्या काकू निमोना पाठवतात, वाटलेल्या हिरव्या मटारची दाट भाजी. आईनं तो शिकून घेतला आणि त्यात गोडा मसाला घातला. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

रात्री भाजीत ५० ग्रॅम पनीर, किंवा चालणाऱ्या दिवशी दोन अंडी, किंवा मूठभर सोया चंक्स. २५ ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये १३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, दोन अंड्यांत १२, पनीरमध्ये ९. आईनं आपणहून दुपारची अर्धी पोळी आणि रात्रीचा भात कमी केला, नाहीतर नुसतं वजन वाढलं असतं.

आता दिवसाची बेरीज अशी होते : नाश्ता ११, दुपार २२, ताक-सत्तू किंवा फुटाणे ५, चहा ३, रात्र १७. एकूण ५८. रोज एवढं जमतं असं नाही. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी असते आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. त्या दिवशी आम्ही कूट हात सैल सोडून घालतो आणि बरोबर दही घेतो.

याबरोबर हालचाल हवीच, नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत. आई सकाळी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठते-बसते आणि पाण्यानं भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या उचलते. जिममध्ये जायला ती तयार नाही, मीही आग्रह केला नाही.

काही गोष्टी विचारूनच

बाबांच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. त्यामुळे त्यांच्यासाठी हा तक्ता नाही, त्यांचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय. तुमच्या घरी कुणाला किडनीचा त्रास असेल, किंवा डायबिटीस जुना असेल, तर आधी तपासणी करा, मग ताट बदला.

बी-१२ डाळीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. नॉनव्हेज कमी असेल तर वर्षातून एकदा रक्त तपासून घेतलेलं बरं. आईचं कमी निघालं, गोळ्या चालू आहेत.

प्रोटीन पावडरचा डबाही माझ्या मावसभावानं सुचवला होता. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळायला सांगितलंय. जेवणच जात नसेल, आजारपण असेल, तर डॉक्टर देतील तेव्हा घ्यावी. मला तर त्या डब्याच्या किमतीत आमच्या महिन्याच्या डाळी येतात हेच पुरेसं वाटलं.

पाच महिने झाले. आई अजूनही जमिनीवरून उठताना एक हात गुडघ्यावर ठेवते, पण चौकट धरत नाही.

गेल्या रविवारी चिकन झालं. आईनं सगळ्यांना वाढायला घेतलं, तेवढ्यात बाबांनी तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि तिच्या वाटीत तीन तुकडे घातले. ती नेहमीचं वाक्य म्हणणार होती, पण म्हणाली नाही. नळीतला रस ओढून खाताना तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबा पातेल्यात डोकावून म्हणाले, "मला काय, नुसता रस्साच उरला की!"