दाजींच्या पिकअपचे दिवे

माझी धाकटी बहीण नळदुर्गला दिलेली आहे. नळदुर्ग म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसांना तेथला किल्ला आठवतो. बोरी नदीवर आदिलशाहीत घातलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे, हे सारे पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. परंतु मी तेथे जातो तो बहिणीच्या हातचे जेवायला, आणि जेवणानंतर दाजींबरोबर बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहा प्यायला. त्या हॉटेलात किल्ल्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. तेथे बोलणे चालते ते गाड्यांचे. आणि गाड्या म्हणजे तुमच्या-आमच्या मोटारी नव्हेत, पिकअप.

पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी. २००५ साली टाटांचा 'एस' आला, त्याला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणून टाकले, आणि गावोगावच्या लहान माणसाला स्वतःची मालगाडी घेता येते हे कळले. मग २०११ मध्ये अशोक लेलँडचा 'दोस्त', २०१७ मध्ये टाटांचाच 'योद्धा'. आणि बोलेरो पिकअप तर काय, या भागात घरटी नसली तरी गल्लीला एक आहेच. द्राक्षे, टोमॅटो, सोयाबीनची पोती, दुधाची कॅने, लग्नसराईत मांडवाचे सामान, सारे काही तिच्यावर जाते. आणि जाते ते बहुधा अंधारात. सोलापूर पन्नास किलोमीटरांच्या आत; पण माल सकाळच्या सौद्याला उभा करायचा तर नळदुर्गातून निघायचे ते कोंबडा आरवायच्या आधी. म्हणूनच या मंडळींच्या गप्पांत मायलेज आणि हप्ता यांच्या खालोखाल विषय असतो तो दिव्यांचा. कोणाचा लांब पडतो, कोणाचा पसरट पडतो, कोणी कोणता बल्ब घातला, यावर तेथे तासन् तास चालते.

या बैठकीत एक भांडण तीन वर्षे चालू होते. ते सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही.

मार्गशीर्षातल्या एका रात्री आठच्या सुमारास दाजी तुळजापूरकडून मोटारसायकलवर घरी येत होते. समोरून एक भरलेली पिकअप आली. तिचा प्रकाश थेट डोळ्यांत शिरला, रस्ता दिसेनासा झाला, आणि दाजी साइडपट्टीवरून खाली गेले. डावा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पिकअपवाला ओळखीचाच, याच हॉटेलात बसणारा. तो बिचारा दुसऱ्या दिवशी केळी-सफरचंदे घेऊन भेटायला आला आणि म्हणाला, "तात्या, शपथ घेऊन सांगतो, मी डिपरवरच होतो." दाजींनी त्याला केळ्यांसकट परत पाठवला. "डिपरचा लाईट डोळ्यांत जात असतोय व्हय? मला शिकवायलाय!" तेव्हापासून दोघे एकाच हॉटेलात दोन टोकांना बसत.

आता खरी मौज ही, की तो मनुष्य खोटे बोलत नव्हता. आणि दाजीही खोटे बोलत नव्हते.

याचा उलगडा केला तो गावातल्या एका वायरमनने. मी तेथे होतो, म्हणून त्याने सांगितले ते जसेच्या तसे मांडतो. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत जो बल्ब असतो, तो १९७१ च्या सुमारास युरोपात निघालेल्या नमुन्याचा. त्यात दोन तारा असतात; एक साठ वॅटची, अप्परची, दुसरी पंचावन्न वॅटची, डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा प्रकाश ही वाटी अडवते. तो दिव्याच्या आरशावर पडलाच नाही, म्हणजे वर उडून समोरच्याच्या डोळ्यांतही जात नाही. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असे. त्या काळ्या रंगाने जे काम धसमुसळेपणाने करू पाहिले, तेच ही वाटी नेमकेपणाने करते.

हे झाले रिकाम्या गाडीचे. दिवा जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरवर आहे आणि डिपरचा झोत दर मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरतो असे धरा. म्हणजे ऐंशी मीटरवर तो रस्त्याला टेकला. आता हौद्यात पोती भरा. मागचे कमानपाटे दबतात, गाडीचे बूड बसते आणि तोंड वर होते. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असेल आणि मागची बाजू नुसती पाच सेंटिमीटर जास्त बसली, तर झोत दर मीटरला पावणेदोन सेंटिमीटरांच्या जवळपास वर उचलला जातो. खाली उतरायचा एक सेंटिमीटर त्यात बुडालाच. तो झोत रस्त्याला टेकतच नाही. साठ मीटरवर तो जमिनीपासून एकशेवीस सेंटिमीटरवर असतो, म्हणजे मोटार चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. आणि आणखी थोडे पुढे मोटारसायकलवाल्याच्या. बटण डिपरवरच असते, पण दिव्याचे वागणे अप्परचे. ताशी साठच्या वेगाने जाणारा मनुष्य तीन सेकंद आंधळा झाला, तर तेवढ्यात तो पन्नास मीटर पुढे गेलेला असतो.

दाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या जुन्या गाडीनं मी किती जणांला पाडलं आसंल कुणास ठावं." आणि कपबशी उचलून हॉटेलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

त्यांची जुनी पिकअप तोवर थकली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जी.एस.टी. अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला, तेव्हा दाजींनी दसऱ्याला नवी गाडी घ्यायचे ठरवले. अर्थात त्या दसऱ्याला तसे ठरवणारे ते एकटे नव्हते. सोलापूरच्या एका विक्रेत्याकडे आम्ही गेलो, दाजी, भाचा आणि मी, तर तेथे लग्नघरासारखी गर्दी. विकणाऱ्या मुलाने आम्हांला गार पाणी दिले आणि हप्ता, मायलेज, किती टन माल, केबिनमधला गाणी वाजवायचा सरंजाम, हे पाठ केल्यासारखे सांगितले. दिव्यांचे नाव नाही. दाजींनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "लाईट चांगले आहेत की काका, सगळ्या गाड्यांना असतात तसेच."

दाजी उठले नाहीत. त्यांनी खिशातून भाच्याच्या वहीचा फाडलेला कागद काढला. धुक्याचे दिवे मूळ किमतीत की वरचे पैसे देऊन? माल भरल्यावर झोत खाली घ्यायची सोय केबिनमध्ये बसल्या जागी आहे, की बॉनेट उघडून स्क्रू फिरवावा लागतो? मागचे दिवे फाळका पाडल्यावर झाकले जातात का? हौद्यात रात्री माल चढवताना उजेड कशाचा? नुसती केबिन-चासी घेऊन हौदा बाहेर बांधला, तर मागच्या दिव्यांच्या वायरिंगची हमी कोणाची? तो मुलगा आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर जुना मनुष्य होता. त्याने कागद वाचला, खुर्ची ओढली आणि चहा मागवला.

अमेरिकेत पिकअप हा निम्मा चैनीचा प्रकार आहे. फोर्डची एफ मालिका तिथे १९७७ पासून ट्रकांत सर्वांत जास्त खपत आली आहे, आणि गिऱ्हाईक कारखान्याकडे मागणी नोंदवतानाच हौद्यातल्या दिव्यापर्यंत एकेक जिन्नस निवडून घेतो. आपल्याकडे कंपनी चार नमुने करते, त्यांतला एक घ्यायचा, उरलेले गावातल्या वायरमनकडून. तरी अलीकडे सुधारणा आहे. बोलेरो मॅक्स ही पिकअप २०२२ मध्ये आली, तिच्यात वळताना बाजूचा रस्ता उजळणारे दिवे देऊ केले गेले. डांबरी रस्ता सोडून रात्री शेताच्या वाटेला वळणाऱ्याला याची किंमत कळते. दाजींनी हे सर्व ऐकून घेतले, आणि शेवटी बोट ठेवले ते एका लहानशा चकतीवर.

ही चकती तुमच्या घरच्या मोटारीतही बहुधा असेल. स्टिअरिंगच्या आसपास दिव्याचे चित्र आणि शून्य ते तीन असे आकडे. मी स्वतः अकरा वर्षे मोटार चालवतो आणि ती कशासाठी आहे हे मला ठाऊक नव्हते, हे कबूल करायला लाज वाटते. दिवाळीला मागच्या सीटवर तीन माणसे आणि डिकीत फराळाचे डबे, बॅगा, आकाशकंदील घेऊन आपण गावी निघतो, तेव्हा आपलीही गाडी तोंड वर करून धावत असते. आकडा वाढवला की झोत खाली येतो. गाडी रिकामी झाली की पुन्हा शून्यावर आणायचा. नाहीतर पुढचा रस्ता चार हातांत संपतो.

दाजींनी अट घातली की पैसे भरण्यापूर्वी दिवा भिंतीवर पाहीन, आणि तोही माल भरून. मॅनेजरने हात जोडले. पण दाजींचा एक सोयरा जवळच अडत्याकडे होता, त्याने सोयाबीनची पोती दिली. सायंकाळी गोदामाच्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली. खडूने दिव्याच्या उंचीची रेघ मारली, तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. रिकाम्या गाडीचा डिपर बरोबर खालच्या रेघेवर बसला. मग पोती चढली, आणि झोताची कड आमच्या डोळ्यांदेखत वर सरकत पहिल्या रेघेच्याही वर गेली. विकणारा मुलगा आ वासून बघत राहिला. भाच्याने केबिनमध्ये चकती दोनवर आणली; कड उतरून पुन्हा खालच्या रेघेशी आली. दाजी म्हणाले, "लिवा पावती."

भाच्याचे मात्र समाधान झाले नव्हते. त्याला हवे होते पांढरे शुभ्र एल.ई.डी. बल्ब आणि केबिनच्या टपावर दिव्यांची आडवी पट्टी. "मामा, तुम्ही सांगा की त्यांना. सगळ्यांच्या गाडीला हाय." मामा काय सांगणार? पुन्हा वायरमनकडे गेलो. त्याने सांगितले, जुन्या पद्धतीच्या दिव्यात नुसता एल.ई.डी. बल्ब बसवला की उजेडाची जागा आणि आकार बदलतो. आरसा बनवलेला असतो त्या बारीक तारेसाठी. त्यामुळे कड विस्कटते आणि प्रकाश चहूकडे सांडतो. मालकाला वाटते उजेड वाढला, कारण गाडीपुढची चार पावले लख्ख दिसतात. कंपनीनेच एल.ई.डी.साठी घडवलेला दिवा असेल तर गोष्ट निराळी. जास्त वॅटचे बल्ब घालणाऱ्यांचेही त्याने सांगितले. साठचे दोन बल्ब बारा व्होल्टवर दहा अँपियर ओढतात, शंभरचे दोन सोळाच्या वर. वायर तीच, बटण तेच, मग ते जळते ते नेमके आडरानात. टपावरच्या पट्टीबद्दल कायदाच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढे झोतदिवा लावायला नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, आणि तीही अपवाद म्हणूनच. भाचा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मला वाटते त्याचेही अगदीच चुकत नव्हते. समोरचा डोळे दिपवत आला की आपणही तसेच करावे असे विशीतल्या मुलाला वाटणारच. सोलापूरची निम्मी रात्र गाडी तोच चालवणार होता.

एक मात्र त्याचे ऐकले. हौद्यात खालच्या बाजूला एक छोटा दिवा बसवला, माल चढवण्यापुरता, केबिनमध्ये वेगळ्या बटणावर. अंधारात पोत्याखाली विंचू निघण्याचे भय गेले म्हणून बहिणीने त्याचे पैसे आपल्या डब्यातून दिले.

मी पुन्हा नळदुर्गला गेलो तो पौष पौर्णिमेला, खंडोबाच्या यात्रेला. येथला खंडोबा मोठा मौजेचा. मूर्ती एकच आणि ठिकाणे दोन; वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. दिवट्या पेटल्या होत्या, भंडारा उधळला जात होता, आणि चारी वाटांनी माणसे चालत येत होती. याच रस्त्यांनी आश्विनात आईच्या दर्शनाला तुळजापूरला पायी जाणारे जातात, रात्रीचे, अनवाणी. त्यांच्या अंगावर ना दिवा ना रेडियम.

रेडियमवरून आठवले. मालवाहू गाडीला पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे तांबडी अशी चमकणारी पट्टी लावावी लागते. तिलाच आपल्याकडे रेडियम म्हणतात. दाजींनी बांधून घेतलेल्या हौद्याला ती लावली, आणि तांबड्या पट्टीचे निम्मे भेंडोळे उरले. कारखान्याचा हंगाम चालू होता. ऊसतोडीवाल्यांच्या बैलगाड्या रस्त्याच्या कडेने जात होत्या. काहींच्या जूखाली कंदील होता, बऱ्याच जणांच्या तोही नव्हता. मागून पाहिले तर अंधारात नुसते उसाचे वाढे.

त्या रात्री मी दाजींबरोबर सोलापूरला निघालो. निघताना बहिणीने खिडकीशी येऊन विचारले, "चकती?" दाजींनी ती दोनवर आणली. गावाबाहेर एक गाडी दिसली तशी त्यांनी पिकअप कडेला घेतली, उतरून गाडीवानाला हाक मारली, आणि काही न बोलता त्याच्या मागच्या फळीवर वीतभर पट्टी चिकटवली. गाडीवान म्हणाला, "किती द्यायचं?" दाजी म्हणाले, "जा की बाबा."

सोलापूर येईस्तोवर अशा नऊ गाड्या झाल्या. भेंडोळे संपले. सौदा उरकल्यावर दाजींनी मला चहाला बसवले आणि स्वतः दुसरे आणायला गेले.