उपमेय कुठे गेलं?

मराठी शिकवायला लागले त्या वर्षी वर्गात अलंकार ओळखायला एक ओळ दिली होती : 'पाऊस सारखा कोसळत होता.' अर्ध्याहून अधिक वह्यांत उत्तर आलं, उपमा. चूक मुलांची नव्हती. 'सारखा, सम, परी' दिसलं की उपमा, 'जणू, गमे, वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा, असं मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. मलाही शाळेत तसंच मिळालं होतं.

मग मी मागे मागे वाचत गेले. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त अलंकार चारच : उपमा, रूपक, दीपक, यमक. सोळाव्या शतकात, अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त, ते शंभरावर गेलेले दिसतात. या वाढीला पुष्कळ जण पांडित्याचा पसारा म्हणतात. मला ते पटत नाही. नवं नाव सुचण्याआधी कुणीतरी कवितेची ओळ फार बारकाईने वाचलेली असते.

आषाढातलं आभाळच घ्या. ते घोंगडीसारखं काळं, ही उपमा. दोन्ही वस्तू शेजारी, पण वेगळ्या. आभाळ जणू घोंगडीच, ही उत्प्रेक्षा. आभाळाची घोंगडी म्हटलं की रूपक. मधली फट बुजली. हे आभाळ नव्हेच, घोंगडी आहे, ही अपन्हुती. उपमेय चक्क नाकारलं. आणि 'डोंगर घोंगडी पांघरून बसला' यात तर आभाळाचा उच्चारही नाही. शाळेचं पुस्तक इथे चेतनगुणोक्ती म्हणून पुढे जाईल. जुने शास्त्रकार मात्र आभाळ कुठे गेलं ते विचारतील आणि सांगतील, घोंगडीने ते गिळलं. ही अतिशयोक्तीची एक तऱ्हा.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने म्हटलं, अलंकार रसाच्या ओघात यावा, त्यासाठी वेगळा खटाटोप नको. 'ज्ञानेश्वरी'त दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात तेव्हा हे म्हणणं मनोमन पटतं. मोरोपंतांच्या यमकांना तीच कसोटी लावताना मी बरीच वर्षं अडखळले. त्यांच्या आर्या मोठ्याने म्हणायला लागले, तेव्हा कुठे त्यांचा नाद कळला.

हल्ली अलंकाराचं नाव मी शेवटी विचारते. आधी विचारते, कशाची तुलना कशाशी चालली आहे? पावसाची ती ओळ अजूनही देते. मुलं बराच वेळ शोधत राहतात, आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "बाई, इथे दुसरं काही नाहीच. नुसता पाऊस आहे."