एकेक इलेक्ट्रॉन मोजणारा ट्रान्झिस्टर



विद्युतधारा शिकवताना आपण पाण्याचं उदाहरण देतो. ते सोपं आहे, पण त्यातून मुलांना वाटतं की वीज पाण्यासारखी सलग असते, हवी तेवढी थोडी घेता येते. खरं तर वीज दाण्यांची असते. एक इलेक्ट्रॉन येईल, दोन येतील, अर्धा येत नाही. १ अँपिअर धारेत दर सेकंदाला ६ वर १८ शून्ये एवढे इलेक्ट्रॉन जातात, म्हणून दाणे जाणवत नाहीत.

आपल्या जालन्यात हे शेतावरून पटकन समजतं. सोयाबीन तिफणीने पेरताना बी धारेनं पडतं. कपाशी मात्र आपण टोकतो, एका जागी एकेक सरकी. साधा ट्रान्झिस्टर तिफणीसारखा, तर एक-इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर टोकणीसारखा.

असा ट्रान्झिस्टर १९८७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फुल्टन आणि डोलन यांनी ॲल्युमिनियमपासून बनवला. त्यात मधोमध धातूचं इवलंसं बेट आणि दोन्ही बाजूंना अतिशय पातळ अडथळे असतात. इलेक्ट्रॉन अडथळा पार करून बेटावर येतो. सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे आत बसलेला इलेक्ट्रॉन पुढच्याला येऊ देत नाही. शेजारच्या ‘गेट’चं व्होल्टेज थोडं बदललं, की आणखी एकाला जागा होते.

तपासणी कशी करतात? गेटचं व्होल्टेज हळूहळू वाढवत धारा मोजतात. धारा ठरावीक अंतराने वाढते, पुन्हा कमी होते. प्रत्येक चढ म्हणजे बेटावर आणखी एका इलेक्ट्रॉनची भर. मात्र उष्णतेनं इलेक्ट्रॉनला जोर मिळाला तर तो नियम मोडून आत शिरतो. म्हणून हे प्रयोग बहुधा उणे २७० अंश सेल्सिअसच्याही खाली करतात. बेट काही नॅनोमीटरचंच असेल, तर साध्या तापमानालाही जमू शकतं. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो!

अशी अतिसूक्ष्म उपकरणं आपल्या राज्यातही बनतात. मुंबईत आयआयटीमध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. मंदार देशमुख यांचा गट नॅनो उपकरणांवर काम करतो. त्यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला आहे.

वर्गात करून बघा: खडूने तीन वर्तुळं ओळीने काढा. मधल्यात एकच मूल मावेल. तुम्ही टाळी वाजवली की मधलं मूल पुढे जाईल, मगच मागचं आत येईल. टाळी म्हणजे गेट. पुढे गेलेली मुलं मोजायला सांगा. पाण्याचं उदाहरण सोडू नका, पण त्याच्या शेजारी हे दाण्यांचंही ठेवा. पुढे अकरावी-बारावीत इलेक्ट्रॉनचा प्रभार शिकताना मुलांना तो परका वाटणार नाही.