भिंग जडवलेला रोल

गेल्या भाद्रपदात दुबईतील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, आरती सुरू होण्याच्या बेताला, यजमानांनी हौसेने प्रत्येक रांगेत एकेक कागदी वेष्टनाचा कॅमेरा फिरवला. आणि पुढे पंधरवड्याने त्या रोलांतून जी छायाचित्रे धुऊन आली, त्यांत पहिल्या रांगेतील खुर्च्यांच्या पाठी चुन्याने सारवल्यासारख्या पांढऱ्याफेक उमटल्या होत्या, तर ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला तो श्रीगजानन मागच्या काळोखात असा काही बुडाला होता की, पाहणाऱ्यास वाटावे, विसर्जन आरतीच्या आधीच उरकले. दोष सर्वांनी एकमुखाने कॅमेऱ्याला दिला. “काका, शेवटी खेळणंच हो ते,” आमच्या एका स्नेह्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, “पैसे गेले पाण्यात.” आरोपीला बाजू मांडण्याची संधी न देताच निकाल लागला असल्यामुळे त्याची कैफियत दाखल करण्याचे काम मी माझ्याकडे घेत आहे.

मुळात या वस्तूच्या नावातच गैरसमजाचे बीज आहे. आपण तिला ‘एकदा वापरून टाकायचा कॅमेरा’ म्हणतो आणि म्हणून तिच्याकडे स्वस्तातला, उणा, अर्धामुर्धा कॅमेरा म्हणून पाहतो. परंतु १९८६ साली जपानात फुजी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली तेव्हा तिचे वर्णन केले होते ते ‘भिंग जडवलेली फिल्म’ असे, आणि तिला ठेवलेले ‘उत्सुरुन-देसु’ हे नाव आपल्या बोलीत आणायचे झाले तर ‘निघतो बरं का फोटो’ इतके साधे आणि किंचित मिस्कील आहे. दुसऱ्या वर्षी कोडॅकही या व्यवसायात उतरली; तिला तर ही कल्पना घरचीच होती, कारण १८८८ साली तिचा जो पहिला पेटी-कॅमेरा निघाला त्यात शंभर चित्रांचा रोल भरलेला असे, आणि तो संपला की गिऱ्हाइकाने अख्खी पेटीच कारखान्याकडे रवाना करायची, असा शिरस्ता होता. तेव्हा आपण विकत घेतो तो रोल. भिंग, कळ आणि फ्लॅश ही त्याच्या अंगावरची वस्त्रे होत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे निवड कशी करावी, जपावे कसे आणि अपेक्षा कोणती ठेवावी, या सर्व बाबींचा खुलासा आपोआप होत जातो.

खेळण्याचा आरोप प्रथम घेऊ. आत असते ती पस्तीस मिलिमीटरची नेहमीची फिल्म, आणि तिच्यावरील प्रत्येक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या महागड्या फोनमधील संवेदक-चकतीहून क्षेत्रफळाने कितीतरी मोठी. भिंग प्लास्टिकचे आहे खरे, आणि चित्राचे कोपरे मऊ पडतात हेही खरे. पण त्या भिंगाच्या उणिवेवर तोड म्हणून आतली फिल्म सपाट न ठेवता किंचित वक्र बसवलेली असते, ही कारागिरी खेळण्यात कोणी करीत नाही. शिवाय फिल्म कारखान्यातच पूर्ण उलगडून ठेवलेली असते आणि अंगठ्याने चाक कर्र कर्र फिरवले की घेतलेले चित्र एकेक करून आपल्या डबीत परत जाते, त्यामुळे एखाद्या पोराने मध्येच कवच उचकटले तरी निघालेली चित्रे बहुधा सुखरूप राहतात. तरीही ते उचकटू नये, कारण फ्लॅशच्या संधारित्रात बॅटरी काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या घरात विद्युतभार साठून राहू शकतो. तो झटका मी एकदा घेतला आहे आणि त्याची शिफारस करीत नाही.

आता ज्यावरून हा खटला उभा राहिला तो प्रकाशाचा प्रश्न. या कॅमेऱ्यात उजेड मोजणारे कोणी नाही. फुजीच्या प्रचलित क्विकस्नॅपमध्ये भिंगाचे छिद्र कायमचे एफ-१० आणि झडप उघडी राहण्याचा काळ कायमचा एका सेकंदाचा एकशेचाळिसावा भाग. सूर्य डोक्यावर असो वा समई तेवत असो, त्यात फरक पडत नाही. हिशेब केला तर असे दिसते की, भर उन्हात चारशे आय.एस.ओ.च्या फिल्मला जेवढा प्रकाश पुरेसा असतो त्याच्या सात-आठ पट प्रकाश आत शिरतो, आणि सावलीत जवळजवळ हवा तेवढाच. रंगीत निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव असा उदार की, अधिक प्रकाश ती निमूटपणे पचवते. कमी प्रकाश मात्र तिला मुळीच खपत नाही. म्हणून ‘आकडा जितका मोठा तितका माल चांगला’ ही जी दुकानातली सर्वमान्य समजूत आहे, ती या वाळवंटी मुलखात तरी फारशी टिकत नाही. चारशेची फिल्म हत्ताच्या डोंगरात, अल ऐनच्या खजुरीच्या बागेत किंवा जुमेराच्या किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ उत्तम चालते. आठशेची, जशी कोडॅकच्या फनसेव्हरमध्ये असते, ती संध्याछायेत, घरगुती समारंभात आणि फ्लॅशच्या जोडीने अधिक उपयोगी पडते, पण तिचे रवे थोडे जाड दिसतात आणि विमानतळावर ती अधिक नाजूक ठरते. त्या बाबीकडे पुढे येतोच.

फ्लॅशविषयीचा गैरसमज याहून बळकट आहे, कारण तो डोळ्यांना दिपवणारा आहे. एवढा लखलखाट झाला म्हणजे सारे सभागृह उजळले, असे आपल्याला वाटते. वास्तविक त्या चिमुकल्या दिव्याची हद्द एक मीटरपासून तीन मीटरपर्यंत, आणि पुढे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड ओसरत जातो. जुन्या नाण्यांत सांगायचे तर तीन मीटरवर जो प्रकाश रुपयाभर असतो तो सहा मीटरवर पावली उरतो आणि बारा मीटरवर फक्त एक आणा. आमचा गणपती बारा मीटरवर होता आणि खुर्च्या दीडावर. दोघांनाही आपापल्या वाट्याचे अगदी चोख मिळाले. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटापासून चार-पाच पावलांवर उभे राहून, फ्लॅशची कळ दाबून, आतली ती डासासारखी बारीक किणकिण थांबून तांबडा दिवा लागेपर्यंत वाट पाहून जो टिपील त्याच्या चित्रात वधूच्या मुंडावळ्यांचे मोती मोजता येतील. मागच्या रांगेतून टिपणाऱ्याने अक्षताच टाकाव्यात. बुर्ज खलिफाच्या एकशेचोविसाव्या मजल्यावर रात्री काचेला टेकून फ्लॅश उडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना शहराचे नव्हे, स्वतःच्या फ्लॅशचे चित्र मिळते.

याच्याच जोडीची एक लहान बाब: एक मीटरच्या आतले काहीही या भिंगाला स्पष्ट दिसत नाही, म्हणून हात लांब करून स्वतःचा चेहरा टिपण्याची फोनमुळे जडलेली सवय इथे मोडावी लागते. कॅमेरा शेजारच्याच्या हाती द्यावा. पूर्वी आपण तेच करीत होतो.

समुद्राचा बेत असेल तर जलाभेद्य प्रकार घ्यावा, हे सगळे सांगतात. परंतु त्यात फ्लॅश नसतो, हे कोणी सांगत नाही. फुजीचा दहा मीटर आणि कोडॅकचा पंधरा मीटर खोलीपर्यंत चालतो असे त्या कंपन्या सांगतात, पण भिंगाला लागणारा उजेड इतक्या खोलवर पोचत नाही आणि तांबडा रंग तर पाण्यात सर्वांआधी लुप्त होतो, म्हणून खोर फक्कानला माशांचे चित्र घ्यायचे तर दुपारच्या उन्हात, पृष्ठभागाच्या हात-दोन हात खाली राहून घ्यावे. माझ्या मते या प्रकाराचा खरा उपयोग या देशात पाण्यापेक्षा वाळूत आहे: वाळूच्या टेकड्यांवरून गाडीने फिरताना पुठ्ठ्याच्या कॅमेऱ्याच्या चाकात जी पिठासारखी रेती शिरते ती याच्या बंद कवचात शिरत नाही.

आणि उष्मा! इथल्या उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बंद उभ्या गाडीत तर तो साठ ओलांडतो; आणि लोक निश्चिंतपणे कॅमेरा पुढच्या काचेखाली ठेवून जेबेल हफीतवर चहा पीत बसतात, कारण त्यांच्या लेखी ती प्लास्टिकची डबी असते. ती डबी नव्हे, रोल आहे. आणि रोल हा नाशवंत जिन्नस आहे. उष्णतेने त्याची संवेदनशीलता घटते, रंग एकमेकांशी फटकून वागू लागतात, काळ्या छाया राखाडी होतात. पाकिटावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती औषधाच्या बाटलीवरची पाहतो तशी पाहावी. बुर दुबईच्या गल्लीत उन्हाकडे तोंड करून मांडलेल्या काचेच्या कपाटातला, सवलतीचा म्हणून पुढे केलेला नग नम्रपणे परत करावा. कागद फाटलेला, चिकटपट्टीने पुन्हा सांधलेला दिसला तर ते वापरलेले कवच कोणी भलतीच फिल्म भरून पुन्हा विकत आहे असे समजावे.

घरी आणल्यावर शीतकपाटात ठेवणे योग्यच, पण तिथून काढून लगेच पाकीट फोडू नये; तासाभराने ते खोलीच्या तापमानावर आले म्हणजे फोडावे. हाच नियम दारातून बाहेर पडतानाही लागू आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात वातानुकूलित दालनातून शारजाच्या दमट हवेत पाऊल टाकताच चष्म्यावर जे पांढरे धुके बसते तेच भिंगावरही बसते. चष्मेवाला थबकून पुसतो, कॅमेरेवाला मात्र तशाच अवस्थेत पाच-सहा चित्रे खर्ची घालतो आणि मागाहून त्या धूसरपणाला ‘जुन्या काळची शोभा’ म्हणून गौरवतो. पंधरा-वीस मिनिटे दम धरला तर ही शोभा टाळता येते.

विमानतळाविषयी दोन परस्परविरोधी समजुती प्रचलित आहेत: एक, क्षकिरणांनी फिल्म हटकून जळते, दुसरी, आताची यंत्रे निर्धोक आहेत. जुन्या पद्धतीच्या यंत्रातून हातसामानाची एखादी फेरी चारशेची फिल्म बहुधा सोसते, आठशेला धोका अधिक, आणि प्रत्येक फेरीचा परिणाम मागच्या फेरीत मिसळत जातो. परंतु अनेक ठिकाणी आता सी.टी. पद्धतीची नवी यंत्रे बसत आहेत, त्यांतून न धुतलेली कोणतीही फिल्म एकदासुद्धा जाऊ देऊ नये, असा फिल्म बनवणाऱ्यांचाच इशारा आहे. आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाची यंत्रे तर प्रथमपासूनच प्रखर. कॅमेरा पारदर्शक पिशवीत हाती घेऊन, हाताने तपासण्याची विनंती करावी. ती मान्य करणे न करणे अंमलदाराच्या मर्जीवर. सर्वांत सुरक्षित तजवीज अशी की, सुट्टीला गावी जाण्यापूर्वी इथला रोल इथेच धुवावा आणि गावचा गावी.

एक समज मात्र महागात पडू शकतो: हा कॅमेरा जाळ्याला जोडलेला नाही, तेव्हा त्याला कायदा लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या दंडविधानात खाजगी जागी असलेल्या व्यक्तीचे तिच्या संमतीवाचून कोणत्याही प्रकारच्या साधनाने चित्र घेणे हा अपराध आहे. आणि त्याच साली झालेल्या, २ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या चौतिसाव्या क्रमांकाच्या सायबर कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने संगणकीय साधनांद्वारे असा खाजगीपणा भंग करणाऱ्यास किमान सहा महिने कैद, अथवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. रोलावरचे चित्र स्कॅन होऊन मंडळाच्या व्हॉट्सॲपवर गेले की ते या दुसऱ्या कलमाच्या हद्दीत शिरले. समारंभात मेजामेजावर कॅमेरे ठेवणाऱ्याने पाहुण्यांना आधी विचारावे, परक्या कुटुंबांतील स्त्रियांकडे भिंग वळवू नये, आणि लष्करी वा सरकारी वास्तूंच्या आसपास ते खिशातच ठेवावे.

सत्तावीस चित्रे म्हणजे अगदीच थोडी, अशी तक्रार नव्या पिढीकडून ऐकू येते. (कोडॅकच्या एका नगात एकोणचाळीस असतात, पण मुद्दा तो नाही.) १९६५ साली मुंबईहून शारजाला आलेले छायाचित्रकार रमेश शुक्ल यांच्याजवळ रोलीकॉर्ड कॅमेरा होता, ज्याच्या रोलात बारा चौकटी बसत, आणि २ डिसेंबर १९७१ रोजी दुबईच्या युनियन हाउसमध्ये, नव्या राष्ट्राच्या ध्वजाखाली उभ्या असलेल्या शासकांचे जे चित्र आज या देशातील शाळकरी पोरही ओळखते, ते त्यांचे आहे. बारा चौकटींचा मनुष्य कळ दाबण्याआधी पाहतो. आमच्या आरतीत पहिल्या दोन मिनिटांतच एका रांगेचा कॅमेरा रिता झाला होता.

खर्चाचे थोडक्यात. कॅमेऱ्याची किंमत हा पहिला हप्ता आहे. धुलाई आणि स्कॅन यांचा दुसरा हप्ता पुष्कळदा पहिल्याच्या बरोबरीने येतो. रंगीत रोल सी-४१ या सर्वत्र चालणाऱ्या रसायनात धुतला जातो. कृष्णधवलाची हौस असेल तर इल्फर्डचे दोन प्रकार मिळतात, त्यांपैकी एक्सपी-टू हा त्याच सी-४१ मध्ये धुता येतो, एचपी-फाइव्हला मात्र वेगळे रसायन लागते आणि ते प्रत्येक दुकानात नसते, हे घेण्यापूर्वी विचारून ठेवावे.

सत्ताविसावे चित्र निघाले की चाक नुसतेच सैल फिरू लागते, आणि पुष्कळ लोक कॅमेरा मोडला म्हणून हळहळतात. ती फिल्म डबीत पूर्ण परतल्याची खूण असते. मग तो तसाच, न उघडता, शक्य तितक्या लवकर धुवायला टाकावा. दुकानदार कवच ठेवून घेतो, ते परत मिळत नाही. कारखान्याची परत घेण्याची व्यवस्था असेल तर त्याचे भाग पुन्हा वापरले जातात. मागून घ्यायचे ते निगेटिव्ह. स्कॅन ई-मेलने आले की लोक तिकडे पुन्हा फिरकत नाहीत आणि काही दिवसांनी त्या पट्ट्या केराच्या टोपलीत जातात. सूनबाईंना मी त्या दुकानात परत पाठवले, तेव्हा दहापैकी सात रोलांच्या पट्ट्या अजून खणात होत्या. त्यांतल्या एका चौकटीत, समईपासून दोन हातांवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई टाळ वाजवताना स्वच्छ निघाल्या आहेत.