नावेत बॅटरी आणि इन्व्हर्टर कुठे ठेवायचे?
सभासद बांधवांनो,
रात्री जाळी टाकायला जाताना बरेच जण दिव्यासाठी, मोबाईलसाठी नावेत बॅटरी नेतात. जागा चुकली तर नाव कलते, शॉक बसतो, आगही लागते. म्हणून एवढं बघा:

1. 100 अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी साधारण 30 किलोची. दोन ठेवल्या तर एक माणूसच जास्तीचा बसला समजा. नावेच्या मधोमध, खाली, पेटीत ठेवून पट्ट्याने घट्ट बांधा. तळातलं पाणी लागू देऊ नका.

2. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तो वर जातो. पेटीला वरून भोकं ठेवा. जवळ विडी नको.

3. इन्व्हर्टर बॅटरीच्या वर नको. बाजूला, उंच, कोरड्या जागी. 600 वॉटच्या लोडला 12 व्होल्टवर 50 अँपिअर करंट लागतो. बारीक वायर तापते, म्हणून आखूड आणि जाड घ्या. फ्यूज प्लसच्या टोकाजवळच.

4. नुसते दिवे असतील तर 12 व्होल्टचे एलईडी लावा. इन्व्हर्टर लागतच नाही. ओल्या नावेत 230 व्होल्ट आणायचे कशाला?

आणि इन्व्हर्टरचा करंट पाण्यात सोडून मासे कुणीही मारू नये. पिल्लं मरतात, माणूसही जातो.

जोडणी नीट तपासूनच नाव पाण्यात घाला.

– सचिव